ड्रॉवरमधला तो कागद

या वेळचं पत्र कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून आलं आहे. लिहिणारी मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांची छोटी फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना आहे, विजेवर चालणारी ५०० किलोची एक इंडक्शन भट्टी. ट्रॅक्टरचे आणि डिझेल इंजिनांचे भाग ओततात. तिच्या पत्रातला मुख्य भाग असा:

‘मॅडम, आमच्या आणि आजूबाजूच्या कॉलेजांनी मिळून तरुणांची हवामान परिषद ठेवली आहे. मला दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. विषय आहे ऊर्जा संक्रमणाचं भूराजकारण, म्हणजे कोळसा-तेलाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाताना देशादेशांत चाललेली ओढाताण, आणि तरुणांची भूमिका. महिनाभर वाचतेय. लिथियम, कोबाल्ट, चीन, युरोप, अमेरिका. जितकं वाचते तितकं वाटतं, यात आपण कुठेच नाही. पप्पांना सांगायला गेले तर म्हणाले, “पोरी, ट्रंप आणि जिनपिंग काय आपल्याला इचारून ठरवत्यात व्हय? आपण ओतायचं, फोडायचं, पाठवायचं.” त्याच आठवड्यात पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून एक एक्सेल शीट आली. एक टन कास्टिंगमागे, म्हणजे ओतलेल्या मालामागे, किती कार्बन बाहेर पडतो ते भरून द्या म्हणून. पप्पांनी प्रिंट काढली, दोनदा बघितली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. मावसभाऊ म्हणतो जर्मनीला जा, आई म्हणते बँकेची परीक्षा दे. तरुणांची भूमिका वगैरे खरंच काही असते का, की आम्ही फोटोपुरते? आणि मी काय करू?’

प्रिय मुली,

तुझ्या पप्पांचं ते वाक्य वाचलं आणि मला माझे वडील आठवले. आधी त्यांचं सांगते.

आमचं घर कोल्हापूरच्या उद्यमनगराच्या मागच्या अंगाला होतं. वडिलांची दोन लेथ होती आणि ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांचं काम. तेव्हा नदीकाठाला ऊसवाल्यांची इंजिनं दिवसरात्र चालायची. गुऱ्हाळावरही इंजिनच. कोल्हापूरचं ओतकाम वाढलं ते या इंजिनांच्या जिवावर. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाचा नळ आवळला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला. मी लहान होते. घरात एवढंच कळलं की डिझेल महागलंय आणि माणसं इंजिन घ्यायची थांबलीत. एकटं तेल कारण नव्हतं. गावोगाव वीज पोहोचत होती, शेतकरी मोटार बसवत होता. पण दोन्ही एकदमच अंगावर आलं. फिनिशिंगला आलेली सात फ्लायव्हील, म्हणजे इंजिनांची जड चाकं, आमच्या अंगणात पडून राहिली. ज्याची होती तो न्यायलाच आला नाही. पहिल्या पावसात ती तांबूस झाली, दुसऱ्या पावसात पापुद्रे सुटायला लागले. उन्हाळ्यात आई त्यांच्यावर सूप टेकवून सांडगे वाळवायची.

वडील दोन वर्षं सगळ्यांवर चिडलेले असायचे. सरकारवर, व्यापाऱ्यावर, मोटारीवर. मग त्यांच्या हाताखाली शिकलेला एक पोरगा एक दिवस पंपाच्या भागाचं ड्रॉइंग घेऊन आला. ‘मामा, हे काम धरूया.’ वडिलांना ड्रॉइंग वाचता येत नव्हतं. ते नमुना हातात घेऊन, कॅलिपर लावून काम करणारे. त्या कागदावरच्या रेघा त्यांना परक्या होत्या, म्हणून त्यांना तो कागद आवडला नाही. पोरगा संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ते वाचायला शिकला होता. त्याने जमिनीवर बसून खडूने तो भाग लादीवर पूर्ण मापात काढून दाखवला. वडील त्याच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, ‘हे तर आपल्याला येतंय की.’ आमचं घर तिथून सावरलं.

त्या ड्रॉइंगच्या जागी आज तुझ्या पप्पांच्या ड्रॉवरमधली एक्सेल शीट आहे. त्यांना ती आवडली नाही याचा अर्थ त्यांना कळत नाही असा घेऊ नकोस. त्यांना ती कुणी लादीवर काढून दाखवलेली नाही.

आता भूराजकारणाकडे येते. ट्रंप आणि जिनपिंग आपल्याला विचारत नाहीत, हे पप्पांचं खरंच आहे. १९७३ लाही आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. फ्लायव्हील मात्र आमच्याच अंगणात गंजली. विचारत नाहीत म्हणून आपला संबंध नाही, इथे पप्पा चुकतात. आणि तो संबंध कोल्हापूरकराला समजावून सांगायला लिथियम-कोबाल्टची यादी लागत नाही. ऊस पुरतो.

तुझे चुलते किंवा मामा ऊस लावत असतील. त्यांना विचार, शेतात शंभर टन ऊस उभा आहे म्हणजे हातात पैसा आहे का? नाही. तोड कधी येणार, गाळप कुणाकडे, काटा कुणाचा आणि पहिली उचल किती, यावर सगळं ठरतं. ऊस शेतकऱ्याचा आणि दर कारखान्याचा, या एका गोष्टीवर आपल्याकडे किती आंदोलनं झाली! खनिजांचंही असंच आहे. बॅटरीत लागणारं कोबाल्ट घे. जगातलं ७० टक्क्यांहून जास्त कोबाल्ट काँगोच्या खाणीतून निघतं, पण त्याचं शुद्धीकरण बहुतेक चीनमध्ये होतं. म्हणजे ऊस काँगोचा, गाळप चीनचं. इंडोनेशियाने २०२० पासून निकेलचं कच्चं खनिज बाहेर द्यायचं बंद केलं. ‘आमचा ऊस हवा तर कारखाना इथे काढा’ असं ते म्हणाले आणि चिनी कंपन्यांनी खरंच तिथे कारखाने काढले. आपल्याकडेही २०२३ मध्ये राज्य सरकारने ऊस परराज्यात न्यायला बंदी घातली होती आणि शेतकरी बिथरल्यावर मागे घेतली. कुणाचा माल कुणी कुठे न्यायचा, हा वाद कागल-निपाणीच्या रस्त्यावर जसा पेटतो तसाच तो देशादेशांत पेटलेला आहे.

तू इलेक्ट्रिकलची आहेस, म्हणून चुंबकाचं उदाहरण घे. बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटारीत निओडायमियम या धातूचं चुंबक असतं. ते तापल्यावरही त्याची ताकद टिकावी म्हणून त्यात चिमूटभर डिस्प्रोशियम किंवा टर्बियम ही मूलद्रव्यं घालतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. अमेरिकेने लावलेल्या आयातशुल्काला ते उत्तर होतं. भांडण त्या दोघांचं, आणि त्या उन्हाळ्यात आपल्या वाहन कंपन्यांचे खरेदीवाले चुंबकासाठी दारोदार फिरत होते. कारण अशी दहातली नऊ चुंबकं चीनमध्ये बनतात. आपल्याकडे कच्चा माल नाही असं नाही. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत, निओडायमियम ज्यातून निघतं ते मोनाझाइट खनिज आहे आणि सरकारी कंपनी १९५० पासून त्यात आहे. आपण गाळपात मागे राहिलो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वर्षाला ६,००० टन चुंबकं देशात बनावीत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. उशीर झाला, पण दिशा बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं.

आणखी जवळचं हवंय? राधानगरीकडे दुर्गमानवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, कधी गेलीयस? तिथल्या जमिनीत बॉक्साइट आहे, म्हणजे अॅल्युमिनियमचं कच्चं खनिज. त्यापासून अॅल्युमिना बनवताना जो द्राव उरतो त्यात गॅलियम नावाचा धातू अगदी अल्प प्रमाणात असतो. तुमच्या नव्या, हाताच्या मुठीत मावणाऱ्या फास्ट चार्जरमधल्या चिपमध्ये तो लागतो. जगातलं जवळजवळ सगळं प्राथमिक गॅलियम चीन काढतो आणि ऑगस्ट २०२३ पासून त्याने त्याच्या निर्यातीवरही परवाना लावला. भारत सरकारच्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत गॅलियम आहे. सड्यावरची ती तांबडी माती अंगाला लागली की दोन धुण्यांत निघत नाही. परिषदेत बोलायला उभी राहशील तेव्हा तिचा एक खडा घेऊन जा. समोरच्या पोरांना चीन आणि राधानगरी यांच्यामधलं अंतर लगेच कळेल.

तेलाचा जुना खेळ संपलाय असंही समजू नकोस. आपण कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायला लागलो त्यामागे ऊसवाल्याच्या प्रेमाइतकंच हे कारण आहे. उसाला पाणी किती जातं हा प्रश्न तिथे उरतोच, पण तो वेगळा विषय.

आता तो कागद.

युरोपने ‘सीबॅम’ नावाची सीमेवरची कार्बन आकारणी आणली आहे. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज या मालाला ती लागते. ऑक्टोबर २०२३ पासून ते फक्त माहिती मागत होते. २०२६ पासून आत येणाऱ्या मालाचा हिशेब पैशात होतो. पैसे तिकडचा आयातदार भरतो. तो इकडच्या निर्यातदाराला आकडा मागतो, निर्यातदार त्याला माल पुरवणाऱ्याला, आणि फिरत फिरत ती शीट शिरोलीत पोहोचते. तुमचा माल त्या यादीत येतो की नाही हे त्याच्या कस्टम कोडवर, म्हणजे आयात-निर्यातीत त्या मालाला दिलेल्या क्रमांकावर, ठरतं. सगळ्या कास्टिंगला ती लागते असं नाही, तेव्हा पहिल्यांदा गिऱ्हाइकाला फोन करून कोड विचारून घे. कोड यादीत नसला तरी ‘आम्हाला लागत नाही’ म्हणून कागद परत ड्रॉवरमध्ये टाकू नका. मोठ्या कंपन्या आपल्या सगळ्या पुरवठादारांकडून हे आकडे गोळा करायला लागल्यात.

हे न्याय्य आहे का, असं तुला परिषदेत कुणीतरी विचारेल. माझं मत सांगते. नाही. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला दोन टनांच्या आसपास पडतो, अमेरिकेत चौदाच्या आसपास. ज्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळून कारखाने उभे केले त्यांनी शिरोलीच्या भट्टीकडे बोट दाखवावं याचा मला राग येतो. बाकूच्या जागतिक हवामान परिषदेत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा वायदा केला. गरीब आणि विकसनशील देशांची मागणी १,३०० अब्जांची होती. भारताच्या प्रतिनिधीने तिथे उभं राहून हरकत घेतली, आणि घ्यायलाच हवी होती. ही लढाई दिल्लीने लढावी आणि तूही तिच्या बाजूने बोलावंस. पण रागापोटी शीट कोरी ठेवली तर गिऱ्हाईक ती कुठल्यातरी ठोकळ सरासरीने भरतं, आणि त्या ठोकळ आकड्यात तुमची चांगली भट्टीही वाईट दिसते. आपला आकडा आपल्याजवळ असावा.

तो काढणं तुला अवघड नाही. लोखंड वितळवायला इंडक्शन भट्टीत टनामागे साधारण ५५० ते ६५० युनिट जातात. ६०० धर. आपल्या ग्रिडच्या, म्हणजे देशाच्या वीजजाळ्याच्या, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. म्हणजे एक टन वितळलेल्या लोखंडामागे ४२० किलो. पण थांब, शीट विचारतेय एक टन चांगल्या कास्टिंगचं, वितळलेल्या लोखंडाचं नाही. रनर-रायझर, म्हणजे साच्यात धातू जायच्या वाटांमध्ये गोठलेलं जादा लोखंड, कापून टाकल्यावर हातात किती उरतं? एक टन मालासाठी दीड टन वितळवावं लागत असेल तर ९०० युनिट झाले, म्हणजे ६३० किलो. त्यात रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, धरलेलं नाही. शंभरातले आठ नग परत आले की त्यांच्यावरची वीज, वाळू, मजुरी आणि कार्बन सगळं वाया जातं. शिवाय चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालात, पिग आयर्न किती आणि भंगार किती तेही बघावं लागेल. पिग आयर्न कोक जाळून खनिजापासून बनतं, त्यामुळे त्याच्या पाठीवरचं कार्बनचं ओझं भंगारापेक्षा कितीतरी मोठं असतं.

निवृत्त व्हायच्या आधी, पॉलिटेक्निकच्या मुलांना घेऊन मी एका फौंड्रीत गेले होते. हीट, म्हणजे वितळवलेली एक खेप, तयार होती, धातू साडेचौदाशे अंशांवर, आणि वाळूच्या मिक्सरचा पट्टा तुटला म्हणून साचे तयार नव्हते. भट्टी तशीच धरून ठेवली होती, तोंड उघडं. वरच्या पत्र्यापर्यंत लाल उजेड पडला होता आणि आम्ही दहा फुटांवरून तोंड फिरवून उभे होतो. सगळे पट्ट्याच्या मागे लागलेले. आमच्यातली एक मुलगी मात्र पॅनेलजवळ गेली आणि मीटरचा आकडा खडूने पॅनेलच्या दारावर लिहून ठेवला. चाळीस मिनिटांनी ओतायला सुरुवात झाली तेव्हा तिने खाली दुसरा आकडा लिहिला आणि वजाबाकी केली. मालक घाम पुसत आले, वजाबाकी वाचली आणि तिला म्हणाले, ‘बाळ, हे रोजचं आहे गं.’ म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले. पुढच्या भेटीत भट्टीला झाकण होतं आणि पट्टा एक जास्तीचा आणून ठेवला होता.

तू विचारलंस तरुणांची भूमिका काय असते. मला ती त्या खडूत दिसली.

हे फार लहान वाटत असेल, तर आता एक मोठं उदाहरण देते. २०१९ मध्ये वानुआटू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशात, साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या वर्गातल्या २७ मुलामुलींनी ठरवलं की हवामानाबाबत देशांवर कायद्याने नेमकं काय बंधन आहे, हे थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. विद्यार्थ्याला तिथे जाता येत नाही, तो अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचा. म्हणून त्यांनी आपल्या भागातल्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआटूच्या सरकारने प्रश्न उचलला, मार्च २०२३ मध्ये महासभेने एकमताने ठराव केला आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगमधल्या या न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर त्याचे परिणाम भोगावे लागतील. मत एकमताचं होतं. ते सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, सक्तीचं नाही, हेही भाषणात सांग, नाहीतर कुणीतरी उठून तुला अडवेल. पण वर्गातला प्रश्न सहा वर्षांत हेगला पोहोचला. त्यांच्याकडे पैसा नव्हता, सैन्य नव्हतं. प्रश्न नेमका होता आणि तो कुणाच्या दारात ठेवायचा हे त्यांना माहीत होतं.

म्हणून दहा मिनिटांत सगळं जग सांगू नकोस. आपल्या जिल्ह्यातले दोन-तीन नेमके प्रश्न घेऊन उभी राहा. उसाला रात्री पाणी पाजायला जाणारा माणूस घे. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि सरीत पाय कुठे पडतोय याचा भरवसा नाही. साप आहे, अलीकडे गवाही येतो. २०२२ च्या फेब्रुवारीत शेतकऱ्यांनी दिवसा वीज द्या म्हणून कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठिय्या दिला होता. सौर ऊर्जा या माणसाला किती आणि कधी मिळाली, तुझ्या तालुक्यात शेतीला वीज नेणाऱ्या किती वाहिन्या (फीडर) दिवसा चालतात, हे माहितीच्या अधिकारात विचार. दुसरं, पाटगाव. तिथल्या पाण्यावर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा, म्हणजे जादा वीज असताना पाणी वर चढवून लागेल तेव्हा ते खाली सोडून वीज करायचा, प्रस्ताव आला आणि भुदरगडच्या लोकांनी विरोध केला. ऊन नसताना वापरायची वीज साठवून ठेवायला असे प्रकल्प लागतात हे खरं, आणि पाणी आधी प्यायला आणि शेताला हेही खरं. तुझ्या वयाच्या मुलांनी तिथे जाऊन दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि प्रकल्पाचा अहवाल मागून वाचावा. स्वच्छ ऊर्जा म्हटलं की सगळं आपोआप न्यायाचं होत नाही. काँगोच्या खाणीतल्या माणसाबद्दल हळहळायचं आणि पाटगावच्या माणसाला विकासाचा विरोधक म्हणायचं, असं करू नका. कळकळीने सांगतेय.

पूर तर तू पाहिलाच आहेस. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होतं. तुमचा माल किती दिवस अडकला होता ते पप्पांना विचार. त्यांना आकडा पाठ असणार.

पप्पांच्या धंद्याबद्दल थोडं. त्यांना ‘इंजिन संपलं, आपला धंदा बुडणार’ असं कधीच म्हणू नकोस. ते खरंही नाही. इलेक्ट्रिक गाडीत सिलिंडर हेड, इंजिन ब्लॉक, पिस्टन रिंग लागत नाहीत, हे खरं. पण ब्रेकचे भाग, हब, सस्पेन्शनचे भाग लागतात. विजेच्या मोटारीचं बाहेरचं कवच लागतं, ते बहुतेक अॅल्युमिनियमचं. ट्रॅक्टर, पंप, कॉम्प्रेसर इतक्यात कुठे जात नाहीत. तुमच्या ऑर्डर बुकात कुठल्या भागाचा वाटा किती, हे एका रविवारी दोघांनी बसून काढा. निम्म्याहून जास्त माल फक्त इंजिनाच्या पोटातला निघाला, तर पुढच्या पाच वर्षांत दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागायचं. ते पप्पांना तुझ्यापेक्षा जास्त चांगलं जमेल. तीस वर्षांच्या ओळखी त्यांच्या आहेत.

वीजबिलही बघ. उद्योगांना आता वेळेनुसार दर आहेत. दुपारी ऊन असताना वीज स्वस्त, संध्याकाळी महाग. तुमची हीट कधी लागते? ती सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचमध्ये सरकवता आली तर पहिल्याच महिन्यात फरक दिसेल. संध्याकाळची वीज महाग का, तर सूर्य मावळल्यावर द्यायला साठवलेली वीज पुरेशी नाही. साठवायला बॅटरी लागते. बॅटरीचा स्वस्त प्रकार लोह-फॉस्फेटचा, त्यातलं लोखंड आणि फॉस्फेट जगभर मिळतं, पण ते बनवायची विद्या मुख्यतः चीनकडे, आणि जुलै २०२५ पासून ती विद्या बाहेर द्यायलाही तिथे परवाना लागतो. खनिजावरून सुरू झालेला अडवणुकीचा खेळ आता विद्येवर आलाय. तुझ्या भाषणातलं भूराजकारण असं तुमच्या बिलाच्या दुसऱ्या पानावर छापलेलं आहे, आणि पोरांना ते तिथून समजावलंस तर कुणी मोबाइल काढणार नाही.

जर्मनीचं विचारलंस. जायला माझी ना नाही. पण आत्ता गेलीस तर तिथे शंभरातली एक होशील. वर्षभर शिरोलीत थांब, भट्टीचे बारा महिन्यांचे आकडे हातात घे, रिजेक्शन दोन टक्क्यांनी का होईना खाली आण, शेजारच्या चार फौंड्र्यांच्या शीट भरून दे, त्याचे रीतसर पैसे घे. मग जायचं असेल तर जा. तेव्हा तुझ्याजवळ असा प्रश्न असेल जो तिथल्या प्राध्यापकालाही ऐकावासा वाटेल. इथेच राहायचं ठरवलंस तर ऊर्जा दक्षता ब्युरोची प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापकाची परीक्षा आहे. तिला पदवीबरोबर काही वर्षांचा अनुभव लागतो, आणि तसा अनुभव तुला भट्टीवर काम करताना मिळेल. आईला बँकेची नोकरी हवी आहे ती तुझ्या सुरक्षिततेसाठी, म्हणून तिच्यावर चिडू नकोस. वर्षभराची मुदत मागून घे आणि ती नेमकी तारीख सांगून माग. आयांना तारीख सांगितली की धीर येतो, हे मी स्वतः आई झाल्यावर शिकले.

परिषदेला जा. फोटो काढतील, काढू दे.

पण त्याआधी आज रात्री जेवणं झाल्यावर तो कागद ड्रॉवरमधून काढ, पप्पांच्या शेजारी बस आणि त्यांना एवढंच विचार की आपल्या भट्टीला स्वतंत्र मीटर आहे का. बऱ्याच छोट्या फौंड्र्यांत नसतो. भट्टी, कॉम्प्रेसर, ग्राइंडर, ऑफिसचा पंखा सगळं एकाच बिलात येतं, आणि मग शीटमधला पहिला रकानाच भरता येत नाही. नसेल तर सब-मीटर बसवून घ्या. उद्यमनगरात मिळतो. वायरिंग तू स्वतः कर, पप्पांना शेजारी उभं करून.